भंगारवाल्याला कॉम्प्युटर द्यायच्या आधी डिस्क काढून घ्या

ताई, भंगारवाल्याला शनिवारी बोलावलंय म्हणालात ना, त्याला आधी फोन करून सांगा की पुढच्या आठवड्यात ये. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमचा प्रश्न असा की बाबांचं नौपाड्यातलं टॅक्स कन्सल्टन्सीचं ऑफिस आता बंद होतंय, ६ डेस्कटॉप, २ लॅपटॉप, बॅकअपच्या ४ एक्स्टर्नल डिस्क, डबाभर पेन ड्राइव्ह आणि एक मोठं झेरॉक्स मशीन आहे, भंगारवाला सगळ्याचे मिळून ६,००० देतोय आणि वर म्हणतोय की मी फॉरमॅट मारून घेतो, तर तेवढं पुरतं का, की सगळ्या डिस्क हातोडीने फोडायच्या, आणि ते ३५ वेळा पुसावं लागतं म्हणतात ते खरं का.

मी २००३ पासून ठाण्यात डेटा रिकव्हरी करतो, वागळे इस्टेटला छोटं वर्कशॉप आहे. लोकांच्या बंद पडलेल्या, फॉरमॅट झालेल्या, हातातून पडलेल्या, भिजलेल्या डिस्कमधून डेटा परत काढून द्यायचा हेच माझं काम. त्यामुळे मला हे सांगता येतं की कुठल्या डिस्कमधून माल परत निघतो आणि कुठली डिस्क समोर आली की मी गिऱ्हाईकाला हात जोडून परत पाठवतो. तुमच्या सगळ्या डिस्क या दुसऱ्या प्रकारात गेल्या की तुमचं काम झालं.

फॉरमॅट मारलेली हार्ड डिस्क ही माझी सगळ्यात सोपी केस. बाबांच्या ऑफिसात एक रजिस्टर असणार, कुठल्या क्लायंटची फाइल कुठल्या कपाटात त्याचं. क्विक फॉरमॅट म्हणजे ते रजिस्टर फाडून तिथे कोरं रजिस्टर ठेवायचं, कपाटं जशीच्या तशी भरलेली. कॉम्प्युटर कोरं रजिस्टर बघून सांगतो की ऑफिस रिकामं आहे, पण मी रजिस्टर बघतच नाही, मी एकेक कपाट उघडतो. फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं आणि ते कॉलेजचा पोरगासुद्धा घरी बसून चालवू शकतो, त्याला माझ्यासारख्या वर्कशॉपची गरज नाही. फुल फॉरमॅटची गोष्ट थोडी वेगळी, विंडोज व्हिस्टापासून पुढे फुल फॉरमॅट त्या पार्टिशनवर खरंच शून्य लिहीत जातं, एक्सपीमध्ये मात्र ते फक्त बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले भाग, तपासायचं आणि जुना डेटा तसाच राहायचा. बाबांच्या ऑफिसात एखादं एक्सपीचं मशीन अजून असेल तर मला नवल वाटणार नाही, टॅक्सच्या ऑफिसांत जुन्या सॉफ्टवेअरसाठी ते ठेवलेलं असतंच. आणि भंगारवाला जे दोन मिनिटांत मारणार आहे ते क्विक फॉरमॅटच असणार, १ टीबी डिस्क पूर्ण पुसायला तास लागतात, तो कुठे थांबतोय.

आता हे मी एवढं जोर देऊन का सांगतोय. आमच्या कामात डोनर डिस्क लागतात, म्हणजे गिऱ्हाईकाच्या डिस्कचं हेड, म्हणजे आतला डेटा वाचणारा भाग, गेलं असेल तर त्याच मॉडेलची दुसरी जुनी डिस्क बाजारातून आणायची आणि तिचं हेड काढून बसवायचं. त्यासाठी मी वर्षानुवर्षं लॅमिंग्टन रोडवरून आणि शिळफाट्याकडच्या भंगाराच्या गोडाऊनमधून जुन्या डिस्क घेत आलोय. डोनर वापरायच्या आधी ती नीट वाचते का हे बघावंच लागतं, आणि तेव्हा जे समोर येतं ते बघून वाईट वाटतं हो. एका डिस्कवर एका दवाखान्याचे पेशंटचे रिपोर्ट होते, नावासकट. एकीवर कुणाच्या तरी ऑफिसातले पॅन कार्ड, आधार आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचे स्कॅन, फोल्डरला प्रत्येक माणसाचं नाव. त्या माणसांनी कागद विश्वासाने दिले होते आणि ते शिळफाट्याला किलोच्या भावात पडले होते. मी त्या डिस्क पुसल्या, पण माझ्या हातात आल्या म्हणून. तुमच्या बाबांकडे तर लोकांची कमाई, कर्ज, नवराबायकोच्या जॉइंट खात्यांपर्यंत सगळं असणार.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी १५८ जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या, २००३ मध्ये ते छापून आलं, त्यातल्या १२९ चालत होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. एक डिस्क तर एटीएम मशीनमधली होती.

पण पुसायच्या आधी काय ठेवायचं ते ठरवा, कारण घाईत पुसून मग रडत आलेले लोकही मी खूप बघितलेत आणि तेव्हा मी काहीच करू शकत नाही. जुन्या वर्षांच्या हिशोबाच्या वह्या आयकरासाठी असेसमेंट इयर संपल्यापासून ६ वर्षं ठेवाव्या लागतात, जीएसटीचं रेकॉर्ड त्या वर्षाच्या ॲन्युअल रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने. बाबा सीए असतील तर ऑडिटच्या वर्किंग पेपर्सचा वेगळा नियम आहे, बाबांशी बसून यादी करा की कुठल्या क्लायंटचं काय ठेवायचं आणि काय त्यांना परत द्यायचं. टॅलीचं लायसन्स दुसऱ्या मशीनवर हवं असेल तर ते जुन्या मशीनवरून आधी सरेंडर करा, डिस्क पुसल्यावर ते करायला गेलात तर टॅलीवाल्यांच्या मागे लागावं लागेल. आउटलुक वापरत असतील तर मेलची फाइल वेगळी काढा. आणि टेबलाच्या खणात डिजिटल सिग्नेचरचे टोकन पडलेले असतील, क्लायंटचेसुद्धा, ते ज्याचे त्याला सही घेऊन परत करा, ते पेन ड्राइव्हसारखेच दिसतात म्हणून भंगारात जातात. जे ठेवायचं ते एका नवीन डिस्कवर घ्या, जमलं तर दोन डिस्कवर, त्या विंडोजमधल्या बिटलॉकर नावाच्या कुलपाने लॉक करा, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाच-दहा फाइली उघडून बघा. कॉपी झालं असं स्क्रीनवर दिसणं आणि फाइल उघडणं यात फरक असतो.

मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन सगळी मशीनं उघडा आणि आत काय आहे ते बघा, कारण इथून पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. जड, साडेतीन इंची डबी असेल तर ती फिरणारी हार्ड डिस्क. हलकी, पातळ, अडीच इंची असेल तर लेबल वाचा, लॅपटॉपची हार्ड डिस्कही अडीच इंचीच असते आणि एसएसडीही, म्हणजे फिरणारा भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, वजनात फरक लागतो. मदरबोर्डवर च्युइंगगमच्या पट्टीएवढी आडवी चिप लावलेली असेल तर ती एम डॉट टू एसएसडी, आणि ही लोक हमखास विसरतात, कारण नंतर कुणीतरी मशीन फास्ट करायला एसएसडी टाकलेली असते आणि जुनी हार्ड डिस्क आत तशीच. एका डेस्कटॉपमध्ये दोन-दोन डिस्क निघतील, हे धरून चाला. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर वहीत लिहा आणि लेबलचा फोटो काढा. ही वही शेवटपर्यंत लागणार आहे.

चालू हार्ड डिस्कचं काम सोपं आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा, फक्त एकदा, शून्य लिहा. झालं. अशी डिस्क माझ्याकडे आली तर मी हात जोडतो, आणि मीच काय, मला माहीत असलेलं कुणीही त्यातून फाइल काढून देत नाही. ३५ वेळा पुसायची गोष्ट कुठून आली तर न्यूझीलंडच्या पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये एक पेपर लिहिला, त्या काळच्या डिस्कवर डेटा ज्या पद्धतीने लिहिला जायचा त्या सगळ्या जुन्या पद्धतींसाठी मिळून ३५ पॅटर्न दिले होते. कुठल्याही एका डिस्कला ते सगळे लागणार असं त्यांचं तेव्हाही म्हणणं नव्हतं आणि नंतर त्यांनी स्वतःच लिहिलं की लोक ३५ वेळा पुसणं मंत्रासारखं करायला लागलेत आणि आताच्या डिस्कला त्याचा काही उपयोग नाही. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची डिस्क पुसण्याची गाइडलाइन आहे, ८००-८८ नावाची, तिच्या २०१४ च्या आवृत्तीतही आताच्या हार्ड डिस्कला एकदा पुसणं साधारणपणे पुरतं असंच म्हटलंय. त्यामुळे कुणी तुम्हाला सात वेळा पुसायचे जास्त पैसे लावत असेल तर देऊ नका.

करायचं कसं, तर एक जुनंच मशीन घ्या, त्यात पुसायची डिस्क सोडून दुसरी कुठलीही डिस्क लावू नका, हे मी हात जोडून सांगतो, चुकीची डिस्क पुसली जाण्याच्या केसेस अशाच होतात. दुसऱ्या मशीनवर श्रेडओएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर चढवा, मशीन त्या पेन ड्राइव्हवरून चालू करा, डिस्क निवडा, एकदा शून्य आणि शेवटी व्हेरिफाय असा पर्याय घ्या आणि सोडून द्या. डीबॅन नावाचं जुनं सॉफ्टवेअर अजून बरेच जण सुचवतात, त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची आहे, नव्या मशीनवर ते अडतं आणि एसएसडीसाठी ते बनलेलंच नाही. विंडोजमधूनच करायचं असेल तर डिस्कपार्ट या विंडोजच्याच प्रोग्राममध्ये क्लीन ऑल ही कमांड आहे, नुसतं क्लीन नाही, नुसत्या क्लीनने परत फक्त रजिस्टरच फाटतं, ऑल लिहिलं तरच सगळी डिस्क पुसली जाते. वेळेचा हिशोब सांगतो, सेकंदाला १०० एमबी धरले तर १ टीबीला पावणेतीन तास, जुन्या यूएसबी टू च्या पोर्टला लावलीत तर तीच डिस्क ९ तास घेईल, म्हणून एक्स्टर्नल डिस्क निळ्या यूएसबी पोर्टला लावा. रात्री लावून सकाळी बघायची. त्यात पुसायचं काम एका वेळी एकाच मशीनवर होईल असं नाही, सहाच्या सहा डेस्कटॉपवर एकदम चालू करता येतं.

डिस्क पुसल्यावर तिच्यावर विश्वास ठेवू नका, बघा. एचएक्सडी नावाचा छोटा फुकट प्रोग्राम आहे, त्यात आख्खी डिस्क उघडता येते, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी दहा-बारा ठिकाणी उडी मारून बघा, सगळीकडे शून्यच शून्य दिसले पाहिजेत. मग वर सांगितलेलं फोटोरेक चालवा, एकही फाइल निघता कामा नये. हे मी माझ्या प्रत्येक डिस्कला करतो आणि वहीत सीरियल नंबरसमोर तारीख टाकतो.

एक बारीक गोष्ट आहे. डिस्कचा एखादा भाग खराब झाला की डिस्क स्वतःच तो भाग बाजूला टाकते आणि त्याच्या जागी राखीव जागा वापरते, तो बाजूला टाकलेला भाग साध्या पुसण्यात येत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा डिस्कची तब्येत दाखवणारा फुकट प्रोग्राम आहे, त्यात रिॲलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे अशा बाजूला टाकलेल्या भागांचा, आकडा शून्य असेल तर काही प्रश्न नाही. आकडा दिसत असेल किंवा पुसताना मध्येच एरर येऊन थांबत असेल तर ती डिस्क कुणाला वापरायला द्यायची नाही, पुसा जेवढी पुसली जाईल तेवढी आणि मग फोडायच्या ढिगात टाका. डिस्कच्या आतच सिक्युअर इरेज नावाची एक कमांड असते, ती असे बाजूला टाकलेले भागही पुसायचा प्रयत्न करते, पण खराब व्हायला लागलेल्या डिस्कच्या बाबतीत मी त्याच्या भरवशावर राहत नाही.

एसएसडीचं मात्र सगळंच निराळं आहे आणि इथे शिकलेसवरलेले लोकही चुकतात. एसएसडीत चिप असतात आणि चिपची एक जागा ठरावीक वेळाच लिहिता येते, म्हणून आतला कंट्रोलर सगळ्या जागा सारख्या झिजाव्यात म्हणून लिखाण सतत इकडून तिकडे फिरवत असतो. तुम्ही म्हणता अमुक जागेवर शून्य लिही, तो लिहितो दुसऱ्याच जागेवर आणि जुनी जागा नंतर सवडीने साफ करतो. शिवाय लेबलवर लिहिलेल्या साइझपेक्षा जास्त चिप आत असतात आणि तो जादा भाग तुम्हाला विंडोजमधून दिसतच नाही. म्हणजे बाहेरून कितीही वेळा पुसलंत तरी आख्खी पुसली गेली याची खात्री नाही, आणि एसएसडीचं आयुष्य मात्र उगाच कमी होतं. दुसरीकडे हेही खरं की आताच्या विंडोजमध्ये ट्रिम असल्यामुळे, म्हणजे फाइल डिलीट झाली की ती जागा साफ करायला विंडोज एसएसडीला सांगतं त्यामुळे, डेटा डिलीट झालेली एसएसडी रिकव्हरीला आली तर बहुतेक वेळा माझ्याही हाताला काही लागत नाही. पण बहुतेक वेळा म्हणजे प्रत्येक वेळा नाही, आणि लोकांची कागदपत्रं बहुतेकवर सोडायची नसतात.

म्हणून एसएसडीला तिच्याच आतल्या कमांडने पुसायचं. ती कमांड दिली की कंट्रोलर राखीव जागेसकट सगळ्या चिप साफ करतो, किंवा ज्या एसएसडी आतल्या आत डेटा एन्क्रिप्ट करतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवतात, त्या आपली किल्लीच फेकून देतात आणि राहिलेला डेटा नुसता कचरा होतो. मिनिटाभरात, कधी त्याहून कमी वेळात काम होतं. डेल, एचपी, लेनोव्होच्या ऑफिसवाल्या मॉडेलमध्ये बऱ्याचदा बायोसमध्येच, म्हणजे मशीन चालू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्येच, हा पर्याय मिळतो, नसेल तर एसएसडीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या, सॅमसंगचं मॅजिशियन, वेस्टर्न डिजिटलचं डॅशबोर्ड, क्रूशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह. कधीकधी डिस्क फ्रोझन आहे म्हणून नकार येतो, ते बायोसने लावलेलं कुलूप असतं, मशीन एकदा स्लीपमध्ये टाकून परत उठवलं की बऱ्याचदा सुटतं.

त्यावरही डोळे मिटून भरवसा नको. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोच्या लोकांनी २०११ मध्ये चिपा काढून आत काय उरलंय ते प्रत्यक्ष तपासलं होतं, तर एका एसएसडीने पुसलं असं सांगितलं आणि डेटा तसाच होता. तेव्हापासून गोष्टी खूप सुधारल्यात पण स्वस्तातल्या, नाव न ऐकलेल्या कंपनीच्या एसएसडी आपल्या बाजारात भरपूर आहेत, अशा एसएसडीला मी कमांड देतो, नंतर एकदा सगळी भरून शून्य लिहितो, आणि ऑफिसचा डेटा असेल तर शेवटी फोडतोच, त्या हजार-दीड हजाराच्या वस्तूसाठी धोका कशाला घ्यायचा.

बिटलॉकरबद्दल एक सांगून ठेवतो. डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली असेल तर निकालात काढताना अर्धं काम आधीच झालेलं असतं, किल्ली गेली की सगळं गेलं. पण पाच वर्षं उघडी वापरलेली एसएसडी आज एन्क्रिप्ट केली तर त्या राखीव जागेत पडलेले जुने उघडे तुकडे तसेच राहू शकतात. म्हणून हा उपाय नवीन मशीनसाठी, आजच्या आज लावा. आणि रिकव्हरी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात पडून असते तीही डिस्क निकालात काढल्यावर आठवणीने काढून टाका.

आता फोडाफोडी. बंद पडलेली डिस्क, टकटक आवाज करणारी, कॉम्प्युटरला न दिसणारी, हिला पुसता येत नाही आणि लोकांना वाटतं की बंद आहे म्हणजे सुरक्षित आहे. बंद डिस्क हेच तर माझं पोट आहे ताई, हेड बदललं किंवा वरचा पीसीबी, म्हणजे सर्किटची पट्टी, दुरुस्त केला की ती बोलायला लागते. पाण्यानेही काही होत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर माझ्याकडे चिखलाने भरलेल्या डिस्क आल्या होत्या, तळमजल्याच्या दुकानांतल्या, ऑफिसांतल्या, दोन-दोन दिवस पाण्याखाली राहिलेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच डिस्कमधला डेटा आम्ही परत काढून दिला. त्यामुळे खाडीत टाकणं, बादलीत बुडवणं हे उपाय नव्हेत, खाडीचं नुकसान होईल ते वेगळंच.

फोडायचं तर आतल्या प्लेटा मोडल्या पाहिजेत. वरचं झाकण टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या खाचेच्या, स्क्रूंचं असतं, एक-दोन स्क्रू लेबलच्या खाली लपलेले असतात. डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये प्लेटा बहुधा ॲल्युमिनियमच्या, त्या वाकवायच्या, ओरखडायच्या, ड्रिलने प्रत्येक प्लेटला तीन-चार ठिकाणी आरपार भोकं पाडायची. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमध्ये प्लेटा बहुतेक काचेच्या असतात, त्या हातोडीच्या एका घावात भुगा होऊन उडतात, म्हणून डिस्क जाड कापडात गुंडाळा आणि डोळ्यांना गॉगल लावा, मी एकदा न लावता हे केलं होतं आणि डोळ्यातून कण काढायला डॉक्टरकडे जावं लागलं. नुसत्या बाहेरच्या डबीवर हातोडी मारून काही होत नाही, डबी चेपते आणि प्लेट शाबूत राहते. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह फोडताना हिरव्या पट्टीवरची प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे, पट्टी मधून तोडली आणि चिप शाबूत राहिली तर ती चिप काढून वाचणारे लोक आहेत. चुंबकाचा एसएसडीवर आणि पेन ड्राइव्हवर काहीच परिणाम होत नाही. आणि काही झालं तरी जाळू नका, गच्चीवरही नाही, त्या धुरात जे असतं ते शेजाऱ्यांच्या पोरांच्या छातीत जातं.

तुमचा डबाभर पेन ड्राइव्हचा प्रश्न इथेच सुटतो, त्यांना आतून पुसायची कमांड नसते, वापरायचे नसतील तर सगळे फोडा. जुन्या बॅकअपच्या सीडी-डीव्हीडी निघतील त्या कात्रीने चार तुकडे करा, आधी पाण्यात भिजवल्या तर किरच्या कमी उडतात.

पण चालू आणि नीट पुसलेली हार्ड डिस्क मात्र फोडू नका असं माझं मनापासून सांगणं आहे. माझ्याकडे लोक येतात आणि १ टीबीच्या चांगल्या डिस्क भीतीपोटी फोडून टाकतात. ४ एक्स्टर्नल डिस्कमधल्या दोन-तीन तरी धड निघतील, पुसून तपासून एखाद्या शाळेला द्या, गावाकडच्या भाच्याला द्या.

झेरॉक्स मशीनबद्दल तुम्ही शेवटी सहज लिहिलंत पण मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटली. मोठ्या ऑफिस मशीनमध्ये आत हार्ड डिस्क असू शकते आणि जे जे स्कॅन झालं, कॉपी झालं, प्रिंट झालं त्याच्या प्रती तिच्यावर राहू शकतात. अमेरिकेत एका हेल्थ इन्शुरन्स कंपनीने भाड्याने घेतलेली मशीनं डिस्क न पुसता परत केली, त्यात तीन लाखांवर लोकांची माहिती उघडी पडली आणि २०१३ मध्ये कंपनीला १२ लाख डॉलरच्या वर भरावे लागले. तुमचं मशीन विकत घेतलेलं आहे की भाड्याचं ते बाबांना विचारा. सर्व्हिसवाल्याला बोलावून विचारा की आत डिस्क आहे का, असेल तर ॲडमिन मेनूतून सगळा डेटा इनिशियलाइज करायला लावा, तुमच्यासमोर, आणि मशीन तुमचंच असेल तर डिस्क काढूनच घ्या. त्यातली ॲड्रेस बुक, म्हणजे स्कॅन कुणाला मेल व्हायचे ती यादीसुद्धा पुसायची. ऑफिसात सीसीटीव्हीचा डीव्हीआर असेल तर त्यातही डिस्क असते, आणि वायफायचा राउटर देताना मागचं बटण दाबून रिसेट करा.

मोबाइलचं तुम्ही विचारलं नाहीत पण ऑफिसचा जुना फोन असेलच. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचं घेऊन आलेले फोन आणि आयफोन आतून एन्क्रिप्टेड असतात, त्यांना फॅक्टरी रिसेट पुरतं, फक्त त्याआधी गूगल किंवा ॲपल खातं काढून टाका, नाहीतर पुढच्या माणसाला फोन उघडत नाही. फोनला ड्रिल मारायला मात्र जाऊ नका, बॅटरी पेट घेते.

आता द्यायचं कुणाला. केंद्राचे २०२२ चे ई-वेस्ट नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, वर्षात हजार किंवा जास्त वस्तू वापरणाऱ्या मोठ्या संस्थांवर त्यात थेट बंधन आहे की माल नोंदणीकृत लोकांकडेच द्यायचा, तुमचं ऑफिस त्यात बसत नाही, पण तरी तुम्ही तसंच करा असं मी सांगेन. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर रिसायकलरची यादी असते, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या आसपासचा एखादा गाठा, फोन करून विचारा की पिकअप करता का आणि डिस्ट्रक्शन सर्टिफिकेट देता का. सर्टिफिकेटवर तुमच्या वहीतले सीरियल नंबर आले पाहिजेत, नुसतं अमुक किलो ई-वेस्ट मिळालं असं लिहिलेला कागद डेटाच्या बाबतीत काही कामाचा नाही. आणि सर्टिफिकेट मिळणार आहे म्हणून न पुसलेली डिस्क देऊ नका, घरातून बाहेर पडेल ती पुसलेली किंवा फोडलेलीच. मॉर्गन स्टॅन्लीसारख्या बँकेने हजारो डिस्क आणि सर्व्हर निकालात काढायचं काम डेटा पुसण्याचा काहीच अनुभव नसलेल्या सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं, त्यातल्या काही डिस्क डेटासकट इंटरनेटच्या लिलावात विकल्या गेल्या आणि २०२२ मध्ये त्यांना साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला. आपल्याकडेही २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा झालाय, लोकांची माहिती नीट न सांभाळल्याबद्दल त्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. बाबांच्या ऑफिसावर उद्या कुणी येईल असं मी म्हणत नाही, पण ३० वर्षांची ओळख असलेला एखादा क्लायंट विचारू शकतो की माझे कागद कुठे गेले, तेव्हा ती वही काढून दाखवता आली पाहिजे.

भंगारवाल्याला काय सांगायचं हे राहिलं. सांगा की डिस्क काढून घेतल्यात. भाव थोडा पाडेल, पाडू दे, टेबलं, कपाटं, पंखे, लोखंड त्यालाच द्या. कॅबिनेट, मॉनिटर आणि मदरबोर्ड रिसायकलरच्या गाडीत जाऊ द्या, जुना डबा मॉनिटर असेल तर त्याच्या काचेत शिसं असतं, तो उघड्यावर फोडला जाऊ नये. टक-टक करणारी एखादी डिस्क निघाली आणि बाबांना तिच्यातलं काहीतरी हवं असेल तर ती परत परत चालू करून बघू नका, बंद ठेवा आणि वेगळ्या पिशवीत बाजूला ठेवा, ती फोडायची की डेटासाठी उघडायची ते आधी बाबांना ठरवू दे.